पहिले शील आणि दोन गिनी पिग

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचशीलावर विद्वत्तेने बोलावे एवढा आमचा अभ्यास नाही. म्हणून पहिल्या शीलाने आमच्या घरात आमची कशी परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत आम्ही प्रथम कसे नापास झालो, तेवढेच सांगतो.

गिनी पिग हा प्राणी अनेकांनी पाहिला नसेल. उंदराहून मोठा, सशाहून लहान, बिनशेपटीचा. नावात पिग असले तरी डुकराशी त्याचे नाते नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला तो याच प्राण्यांवर प्रयोग करून. ज्या रोगाने आपल्या चाळी-वस्त्यांतली किती घरे बसली, त्या रोगाचे मूळ सापडण्यासाठी किती गिनी पिग मेले याची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

२०१७ साली मुलीच्या वाढदिवसाला आम्ही बाजारातून असा एक प्राणी विकत आणला. दुकानदार म्हणाला, "काहीही खातो साहेब, काही त्रास नाही." आम्ही त्याला पाव दिला, पोळी दिली, दुधात भिजवलेला ब्रेड दिला. तीन-चार महिन्यांत तो मागचे पाय ओढू लागला, मग जागचा हलेना. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, याला 'क' जीवनसत्त्व मिळालेले नाही. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्याही शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच मिळावे लागते. रोज मूठभर कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीची एक फोड दिली असती तरी तो वाचला असता. तो गेला. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आम्ही रोज वंदना म्हणणारी माणसे. प्राणिहत्या करणार नाही असे रोज म्हणत होतो आणि अज्ञानाने एक जीव हळूहळू मारीत होतो.

तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत सजीवांचा व्यापार आहे. अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा केला आहे, हे आम्ही जाणतो. तरीही पैसे मोजून पिंजरा हातात घेताना आपण त्या व्यापाराला हातभार लावतो, असे आमच्या मनाने घेतले ते घेतलेच. पुन्हा विकत आणायचा नाही, असे ठरले.

२०२२ साली मुलीनेच प्राण्यांच्या एका निवारा केंद्राची माहिती काढली. तिथे कुत्री-मांजरे तर होतीच, पण एका कोपऱ्यात गिनी पिगही होते. लोक हौसेने दोन आणतात. दुकानात दोन्ही माद्या म्हणून दिलेल्या असतात आणि त्यांतला एक नर निघतो. मादी साधारण दोन महिन्यांत विते, आणि व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्मतात, आणि त्यांतले नर तीन आठवड्यांत वेगळे केले नाहीत तर घोटाळा वाढतच जातो. बँकेत चक्रवाढ व्याज समजावून देणाऱ्या आम्हालाही हा हिशेब नवा होता. मग बदली होते, परीक्षा येते, घरात वास येतो म्हणतात, आणि खोके केंद्राच्या दाराशी ठेवून माणूस निघून जातो.

केंद्रातील बाईंनी आम्हाला फॉर्म भरायला दिला आणि घर पाहायला येऊ म्हणाल्या. खरे सांगतो, आमच्या मनात जुनी कळ उठली. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारून परत पाठवलेली माणसे आहोत आम्ही. आता एका उंदरासारख्या जीवासाठीही कोणी आमचे घर तपासणार! पण बाई आल्या, त्यांनी आडनावाचा विषयही काढला नाही. ऊन कुठल्या खिडकीतून येते, घरात मांजर आहे का, मे महिन्यात पिंजरा कुठे ठेवाल, गावी गेलात तर कोण पाहील, एवढेच विचारले. हा प्राणी उकाड्यात तग धरत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. एकटाही देणार नाही म्हणाल्या, कारण तो कळपात राहणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून गिनी पिग एकटा ठेवणे कायद्यानेच मना आहे. असे दोन माद्या आमच्या घरी आल्या. एक वयस्क आहे, तिचा एक डोळा अधू आहे. तिला कोणी नेत नव्हते.

आता खर्च म्हणाल तर दोघींना मुख्यतः गवत लागते, तेही दिवसभर. गवतवाल्याकडून आणतो, कोपऱ्यावरची हरळी मुलगी काढून आणते. पाव, पोळी, भात, दूध बंद.

गेल्या वर्षी हाच विषय निघाला तेव्हा आपल्यातील एक ज्येष्ठ उपासक उठून म्हणाले, "चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते, आपल्या माणसांना नव्हते. आता तुम्ही आम्हाला जनावरांचे कौतुक सांगता?" बंधूंनो, त्या प्रश्नाला तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही ते खोडून काढायला आम्ही उभे नाही. महाडचा १९२७ चा अपमान खरा आहे. जनावराच्या नावाने माणसाला मारणारेही आपण पाहिले आहेत. पण दादा, तळ्यावर पाणी पिणाऱ्या जनावराने आपल्याला अडवले नव्हते. अडवणारी माणसे होती. आणि हा गिनी पिग तर कोणाच्याच देवाचा नाही. त्याला कोणी पुजत नाही, त्याला घास घातल्याने कोणाला पुण्य लागत नाही, त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. सम्राट अशोकांनी आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सेची सोय केल्याचे कोरून ठेवले, तेव्हा कोणता पशू पवित्र हे पाहिले नव्हते. आम्हाला ती दोन्ही चिकित्सा एकत्र लिहिलेली ओळ मोठी वाटते. दादा अजून आमच्याशी सहमत नाहीत. परवा मात्र घरी आले, चहा घेतला, आणि म्हातारीला कोथिंबिरीची काडी स्वतःच्या हाताने दिली. "ही आंधळी आहे का रे?" एवढेच विचारले.

त्या केंद्रात अजून चार गिनी पिग आहेत, दोन-दोनच्या जोड्या. ज्यांची इच्छा असेल त्यांनी व्याख्यानानंतर आम्हाला भेटावे, पत्ता देतो. लहान मुलांनी एकट्याने येऊ नये, आई-वडिलांना घेऊन यावे. त्यांचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते, तेवढा विचार घरूनच करून या.

नमो बुद्धाय, जयभीम.