पंधरा उदाहरणं आणि पाच उदाहरणं



‘तुमच्या वर्गातली हुशार मुलं कोणती?’ असं विचारलं, की आम्ही शिक्षक पटापट तीन-चार नावं सांगतो. अक्षर सुंदर, गृहपाठ पुरा, उत्तराला बोट वर. ती मुलं हुशार असतातच. पण प्रज्ञावंत मूल त्याच बाकावर सापडेल असं नाही. पुष्कळदा ते वर्गाला अडचणीचंच वाटतं.

माझ्या पाचवीच्या वर्गात असा एक मुलगा होता. गुणाकाराची पंधरा उदाहरणं दिली, की चार सोडवून थांबायचा आणि वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत बसायचा. एकदा ते पान मी नीट पाहिलं. १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ मिळवले की ९, मग ७ मिळवले की १६. ओळीनं विषम संख्या मिळवत गेलं की दर वेळी वर्गसंख्याच येते, हे त्यानं चौकोनाच्या दोन बाजूंना घरं जोडून आपलं आपण शोधलं होतं. चाचणीत मात्र त्याला वीसपैकी नऊ.

त्याला मी पंधराऐवजी पाच उदाहरणं आणि एक कोडं देऊ लागले. आठवड्यानं त्याची आई शाळेत आली. ‘बाई, बाकीच्यांना पंधरा आणि ह्याला पाचच? माझं पोरगं ढ आहे का हो?’ हे समजावताना माझी पुरी मधली सुट्टी गेली!

परीक्षा नकोत असं मी म्हणणार नाही. आपली शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, २०१६-१७मध्ये ती पाचवी-आठवीला नेली गेली होती. नवोदय विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. यांतून कितीतरी मुलं वर आली. पण चाळणी म्हटली की काही निसटणारच. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१मध्ये बुद्धिमापन चाचण्या घेऊन सुमारे पंधराशे मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाळणीतून गळलेल्या दोघांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ यांना, पुढे १९५६ आणि १९६८मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही.

शहरात निदान क्लास असतात, छंदवर्ग असतात. पुण्यात १९६२मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्थाही असते. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत यातलं काही नसतं. असतं ते पुस्तकांचं एक कपाट, आणि पुस्तकं फाटतील म्हणून त्याला कुलूप. अशा शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझं सांगणं एवढंच, की ज्याचं काम सर्वांआधी संपतं किंवा जो ते अर्ध्यात सोडून देतो, त्याच्या हाती त्या कपाटाची किल्ली द्या. दोन-चार पुस्तकं फाटतील. ती निर्लेखित करता येतात.