मोबाईलचे ‘कवच’ : विकत घ्यावे का?

(पालक-मेळाव्यातील भाषण)



जबलपूरचे दूरसंचाराशी जुने नाते आहे. रिज रोडवरील दूरसंचार प्रशिक्षण संस्थेत शिकून देशभरातील असंख्य अभियंते आणि तंत्रज्ञ आपापल्या गावी गेले. आता त्याच शहरात मोबाईलची काच व वेष्टण घेताना एक लहानशी चकतीही ग्राहकासमोर ठेवली जाते. ती फोनच्या पाठीवर चिकटवली की ‘रेडिएशन’ नाहीसे होते, असा तिच्या विक्रेत्यांचा दावा असतो. कोठे तिला चिप म्हणतात, कोठे कवच, तर कोठे ती गळ्यात घालावयाच्या पदकाच्या रूपात येते. दिवसभर मोबाईलवर अभ्यास करणाऱ्या मुलीच्या काळजीने एखादी आई ती विकत घेते. त्या आईला हसण्याचे कारण नाही. तिची काळजी खरी आहे. प्रश्न त्या चकतीच्या खरेपणाचा आहे.

या भीतीला आधारही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. ग्वाल्हेरमधील एका रुग्णाच्या तक्रारीवरून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मोबाईल टॉवर बंद करण्याचा आदेश दिला. ही दोन्ही वृत्ते घरोघरी पोहोचली. मात्र ‘कदाचित’ या शब्दाचा अर्थ तेवढा पोहोचला नाही. पुरावा अपुरा आहे, परंतु शंका पुरती फिटलेली नाही, अशा गोष्टींचा तो गट आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छाननीत मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

क्ष-किरण आणि मोबाईलच्या लहरी यांत मूलभूत भेद आहे. क्ष-किरणांत अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. मोबाईलच्या लहरींची ऊर्जा दिव्याच्या प्रकाशाहूनही पुष्कळ कमी असते. शरीरावर त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे किंचित उष्णता. ती मर्यादेत राहावी म्हणून भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून कडक नियम लागू आहे : शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम ऊतीत शोषली जाणारी ऊर्जा दर किलोग्रॅमला १.६ वॅटच्या वर जाता कामा नये. या मापाला ‘सार मूल्य’ म्हणतात. फोनवर *#०७# ही कळ दाबल्यास बहुतेक फोनमध्ये हे मूल्य दिसते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

आता चकतीकडे वळू या. फोनचे काम त्याच लहरींवर चालते. लहरी खरोखर अडवल्या, तर संभाषणच थांबेल. याची परीक्षा कोणत्याही घरात करता येते. फोन ॲल्युमिनियमच्या कागदात तीन-चार थर देऊन नीट गुंडाळावा आणि दुसऱ्या फोनवरून त्यास कॉल लावावा. बहुधा तो लागत नाही. मग कागद काढून चकती चिकटवावी आणि पुन्हा कॉल लावावा. घंटी पूर्वीसारखीच वाजली, तर चकतीने काय अडवले, हे दहा वर्षांचे मूलही सांगेल. लहरी अर्धवट अडवणारे वेष्टण तर अधिक अडचणीचे ठरते. टॉवरशी संपर्क दुबळा झाला की फोन स्वतःची शक्ती वाढवतो. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने ग्राहकांना नेमका हाच इशारा दिला असून, २००२ मध्ये अशा वस्तू विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाईही केली आहे.

नेदरलँड्समधील प्रकार याहून गंभीर आहे. तेथील आण्विक सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये १० वस्तूंबाबत नागरिकांना सावध केले. ‘फाइव्ह-जी’पासून संरक्षण म्हणून विकली जाणारी ती पदके, कडी आणि झोपताना डोळ्यांवर बांधावयाची पट्टी स्वतःच किरणोत्सर्गी होती. ती अंगावर वापरू नये, असे सांगावे लागले. जे टाळण्यासाठी पैसे मोजले, त्याहून घातक असे काही लोकांनी गळ्यात बांधले होते.

आपल्या देशातही ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली ‘गौसत्व कवच’ नावाची चिप लोकांपुढे आणली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून या दाव्याचा पुरावा मागितला. गोमातेविषयीची श्रद्धा आणि लहरी अडवण्याचा दावा या भिन्न गोष्टी आहेत. श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. विकावयाच्या वस्तूच्या दाव्याला तो लागतो.

दावा तपासण्याचे काम सामान्य माणसालाही करता येते, हे महाराष्ट्रातील एका शिक्षकाने दाखवून दिले. दूरचित्रवाणीवर चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती पाहून ते न्यायालयात गेले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर ठरवल्या.

तेव्हा चकती घ्यावी का, याचे उत्तर ‘घेऊ नये’ असेच आहे. पैसा वाया जातो, ही त्यातील लहान हानी आहे. मोठी हानी निर्धास्तपणाची. कवच लावले आहे, असे समजून मूल फोन उशाखाली घेऊन झोपते, मध्यरात्रीपर्यंत पडद्यात गुंतते आणि घरातील कोणी त्याला टोकत नाही. झोप गेली, अभ्यासातील लक्ष गेले, मैदान सुटले, डोळे शिणले. यांपैकी एकाही हानीवर चकतीचा उपाय चालत नाही.

लहरींची शंका मनात असेल, तर अंतर हा सर्वांत सोपा उपाय आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. लांबलचक संभाषणासाठी इयरफोन किंवा स्पीकर वापरावा. संपर्क दुबळा असेल तेथे बोलणे आवरते घ्यावे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि तो नियम आईवडिलांनी प्रथम स्वतः पाळावा.

साठ वर्षांत या शाळेच्या विज्ञानाच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न विचारला गेला : ‘हे कशावरून?’ माजी विद्यार्थ्यांनी तो दुकानाच्या पायरीवरही विचारावा आणि आपल्या मुलांना विचारावयास शिकवावे. हीरक महोत्सवी वर्षात शाळेला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती असेल?