ओस शाळा आणि म्हाताऱ्यांची घरे



गावातील मुले नव्या इमारतीत गेली आणि जुनी शाळा ओस पडली, तर तिचे काय करावे, हा आजचा विषय आहे. तीत म्हाताऱ्या माणसांची घरे करावीत, असे आमचे म्हणणे आहे. परंतु या म्हणण्याला चार अटी आहेत, आणि अटी वगळून ते कोणी उचलले तर आम्ही त्याला विरोध करू.

प्रथम गरज पाहू. कळंब, भूम, वाशी या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. धडधाकट जोडपी जातात; मागे उरतात म्हातारी आणि पोरे. पोरांसाठी शाळांतून हंगामी वसतिगृहे निघाली, हे चांगले झाले. म्हाताऱ्यांसाठी काय निघाले? जन्मभर कोयता चालविणाऱ्याला पेन्शन नाही. श्रावणबाळ योजनेत महिना दीड हजार रुपये मिळतात, तेही २०२३ पासून. जो कारखान्याच्या हजेरीपटावर होता, त्याच्या भविष्यनिर्वाहाच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती एक हजार. एवढ्यात खोलीचे भाडे भागत नाही, आणि भागले तर चूल पेटत नाही.

कायदा काय म्हणतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा २००७ साली झाला. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे माणसांचे निवासगृह शासनाने काढावे, असे त्याच्या १९ व्या कलमात आहे. पण कलमातील क्रियापद 'काढील' असे नाही, 'काढू शकेल' असे आहे. आम्ही कामगारांचे करार वाचत आलो आहोत. या दोन शब्दांमधून केवढी माणसे निसटतात, हे आम्हांला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हे स्वप्नरंजन आहे. शेजारच्या सोलापूरकडे पाहा. विडी वळणाऱ्या बायांनी संघटना करून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे उभी केली; २००६ साली त्यांना ती मिळाली. त्याच माळावर रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांच्या ताब्यात आली. अमेरिकेत जुन्या इमारतींच्या पुनर्वापराला १९७६ पासून आणि स्वस्त भाड्याच्या घरांना १९८६ पासून करांत सवलत मिळते. तिच्या आधाराने पटसंख्या आटलेल्या कितीतरी शाळांत वृद्धांची बिऱ्हाडे झाली. म्हणजे गोष्ट अशक्य नाही.

आता अटी.

पहिली अट : घरांसाठी शाळा ओस पाडायची नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार आहेत, असे सांगून शासनाने २०२३ साली त्यांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागविले. वस्तीवरच्या पोरीची शाळा तीन कोस लांब गेली, तर ती पोरगी घरी बसते. नातीची शाळा मोडून आजीला खोली देणे हा न्याय नव्हे. जी शाळा दुसऱ्या चांगल्या इमारतीत गेली आहे, तिचीच जुनी इमारत घ्यावी.

दुसरी अट : भिंत तपासल्याशिवाय माणूस आत घालायचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उमरगा-लोहाऱ्याकडील माणसाला सांगावी लागत नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, यांनीच झोपलेली माणसे चिरडली. जुन्या शाळेची भिंतही दगडमातीची असेल, तर तीत आरपार दगड हवेत, वर सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा हवा, छत हलके हवे. इंजिनिअर नको म्हणाला तर इमारत पाडावी. तिच्या मायेत अडकू नये.

तिसरी अट : हे घर असावे, कोंडवाडा नसावा. वर्गाची खोली वीस फूट लांब, वीस फूट रुंद धरा. तिच्यात जोडप्याला पुरेल अशी खोली, ओटा व मोरी बसते. संडास आतच हवा आणि त्यात धरायला दांडी हवी. पायऱ्यांच्या जागी उतार हवा. दाराला स्वतःची कडी आणि किल्ली हवी. सुनेशी पटत नाही म्हणून आलेल्या म्हातारीने पुन्हा कुणाच्या घंटेवर जेवायला बसावे, यात तिचे काय साधले?

चौथी अट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : मालकी सार्वजनिकच राहिली पाहिजे. घर विकायचे नाही, अनामत घ्यायची नाही. भाडे पेन्शनच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको. ही अट सुटली, की दोन वर्षांत त्या खोल्या शहरातल्या पैसेवाल्यांच्या होतील आणि गावचा म्हातारा पारावरच राहील. कारभारी मंडळात निम्म्या जागा तिथे राहणाऱ्यांच्या असाव्यात, त्यांत बाया असाव्यात.

काही सज्जन म्हणतात, यामुळे मुले आईबापांना टाकतील. मुले टाकतात ती बहुधा जागेच्या आणि दाण्याच्या अडचणीने. पोषणाची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर राहणारच आहे. उलट गावातच घर असले, तर नातवंडे शाळेतून परतताना आजीकडे डोकावतील.

तेव्हा आमची मागणी दयेची नाही. ज्या हातांनी रस्ते खोदले, धरणे बांधली, ऊस तोडला, त्यांची मजुरी अजून पुरती चुकती झालेली नाही. हे घर त्या बाकीतले आहे. आपापल्या गावी जा, ओस इमारत कोणती आहे ते पाहा, एकटी राहणारी म्हातारी माणसे मोजा, आणि दोन्ही आकडे पुढच्या ग्रामसभेत ठरावासह मांडा. आकडे घेऊन आलेल्या माणसांना वाटेला लावणे कोणत्याही कचेरीला सोपे जात नाही.