कात्रजचा नळ आणि भिंतीतली वीज



आमच्यापाशी पदवी नाही; जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा कात्रजच्या माणसाने विजेवर बोलताना पाण्यापासून आरंभ केला, तर नवल मानू नये.

१७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले. पंप नव्हता, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोहोचे. तो नळ पिढ्यान्‌पिढ्या चालला. का? माणसाला आत उतरून गाळ काढता येईल असा तो बांधला होता म्हणून. जे उघडता येते, तेच टिकते.

आज त्याच कात्रजच्या डोंगरउतारावर उंच इमारती उभ्या आहेत. गच्चीवर सोलर पॅनेल मांडणे आता जुने झाले. छप्पर आणि भिंतच पॅनेलची करावी, असा नवा विचार आहे. नवी मुंबईत २०२१ साली एका डेटा सेंटरच्या चारही भिंती अशा मढविल्या गेल्या. हे टिकाऊ आहे काय, हे कसे जोखावे?

पहिली कसोटी जमाखर्चाची. सिलिकॉन शुद्ध करण्यास भट्टीची प्रचंड उष्णता लागते. आपल्या उन्हात गच्चीवरचे पॅनेल ती ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत फेडते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे देत राहते. भिंतीतले पॅनेल काच वा फरशी वाचविते, हा त्याच्या जमेचा भाग. परंतु मे महिन्यात पुण्याचा मध्यान्हसूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा उभ्या भिंतीच्या वाट्याला ऊन ते किती येणार?

दुसरी कसोटी उष्णतेची. पंचवीस अंशांवर पॅनेल जितके तापेल, तितक्या दर अंशामागे वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पाठीमागे वारा खेळता ठेवला नाही, तर भिंत तापते आणि वीजही जाते.

तिसरी दुरुस्तीची. इमारत साठ वर्षे उभी राहावी आणि पॅनेल तीस. म्हणजे एकदा तरी ते बदलणे आलेच. गच्चीवरचे पॅनेल दोन माणसे पाना घेऊन उतरवतात. भिंतीतले उतरवायला परात बांधावी लागली, तर खर्च कोण देणार?

चौथी कसोटी हिशेबाच्या कागदावर येत नाही. कात्रजच्याच एका इमारतीवर पॅनेल बसविताना आमच्यातला एक तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडला. कमरेला पट्टा नव्हता. मुकादम म्हणाला, “दोन तासांचे तर काम होते!” पोराचा पाय कायमचा अधू झाला. ती वीज स्वच्छ खरी. पण तिच्या किमतीत तो पाय कोणी मांडला?

आणि तीस वर्षांनी ही काच फोडणार कोण? २०२२च्या ई-कचरा नियमांनी जुनी पॅनेले उत्पादकाच्या जबाबदारीत आणली, हे योग्यच झाले. पण नियम भंगारवाल्याच्या उघड्या हातांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आम्ही सोलरचे विरोधक नाही. कोळशाचा धूर कामगारवस्तीनेच अधिक गिळला आहे. आमचे मागणे एवढेच की, सोसायटीच्या सभेत सही करण्यापूर्वी विचारा: ऊन किती, वारा कुठून, उघडणार कसे, चढणार कोण आणि त्याच्या कमरेला पट्टा आहे काय? नळ बांधणाऱ्यांनी गाळ काढणाऱ्याचा विचार आधी केला होता. आपणही तो करावा.