वैद्य, रुग्ण आणि शुश्रूषक

लखनौच्या पूर्वेस अयोध्या आणि ईशान्येस सहेत-महेत आहे. पहिले स्थळ बौद्ध वाङ्मयातील साकेत मानले जाते, तर दुसरे श्रावस्ती. सहेत येथे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६३ मध्ये उत्खनन केले. विनयपिटकाच्या महावग्गातील वैद्यकविषयक दोन वृत्तांत या नगरांतले आहेत.

तक्षशिलेस सात वर्षे अध्ययन करून राजगृहाकडे परतणाऱ्या जीवकाची शिदोरी साकेतात संपली. तेथील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकशूळाने पीडित होती. नामांकित वैद्य द्रव्य घेऊन गेले होते, गुण मात्र आला नव्हता. जीवकाने आधी काहीच घेतले नाही. औषधींसह कढविलेले तूप त्याने तिला नाकावाटे दिले. ते तोंडावाटे बाहेर येताच तिने दासीकडून कापसाने टिपून घेतले. ही काटकसर पाहून जीवक मोबदल्याविषयी साशंक झाला. परंतु ती बरी झाल्यावर कुटुंबाने त्याला सोळा हजार मुद्रा, दास, दासी व अश्वरथ दिला.

निर्धन भिक्खूंचे काय? श्रावस्तीच्या जेतवनात शरद ऋतूतील विकाराने भिक्खू कृश झाले, अन्न पचेना. तेव्हा बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच द्रव्ये औषध म्हणून अनुज्ञात केली. प्रथम नियत वेळी, पुढे अवेळीही. रुग्णासाठी नियम शिथिल झाला.

अतिसाराने मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते, कारण तो इतरांच्या उपयोगी पडत नसे. बुद्धांनी व आनंदाने त्याला स्वतः न्हाऊ घातले. येथे आईबाप नाहीत, म्हणून भिक्खूंनीच परस्परांची शुश्रूषा करावी, हा दंडक त्यातून निघाला. चांगल्या रुग्णाची व चांगल्या शुश्रूषकाची प्रत्येकी पाच लक्षणेही तेथेच सांगितली आहेत.

या करुणेलाही मर्यादा पडली. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय व अपस्मार यांची साथ आली. जीवक राजाची व संघाची चिकित्सा करी. इतरांसाठी त्याला सवड नव्हती. म्हणून रोगी प्रव्रज्या घेऊ लागले. एकाने बरे होताच चीवर टाकले. तेव्हा जीवकाच्याच विनंतीवरून या पाच रोगांनी ग्रस्त असलेल्यांना प्रव्रज्या देण्यास मनाई झाली.

ग्रंथकारांनी हा नियम लपविला नाही. एकाच ग्रंथात निराधाराला न्हाऊ घालणारे हात आहेत आणि रोग्यासाठी मिटलेले दारही आहे. वैद्य एक आणि रुग्ण असंख्य, हा पेच तेव्हाही सुटला नव्हता.