न उघडणे म्हणजे बिघडणे नव्हे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी उभे राहिलेल्या वक्त्याने संस्थेचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि वेळेवर खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. इतिहास आणि आभार ही दोन्ही कामे माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली आहेत. मी पडलो शाळामास्तर. मला धडा शिकविण्यावाचून दुसरे काही येत नाही. म्हणून आज एक धडाच घेतो. तो पुस्तकातला नाही. आपल्याच कार्यालयातल्या एका जुन्या संगणकाने तो मला शिकविला.

आपले दिवंगत कार्यवाह किती वर्षे मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत होते, हे इथे बसलेल्या कित्येक मातापित्यांना ठाऊक आहे. निपाणीच्या वखारीत तंबाखूत राबणाऱ्या, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आया त्यांच्याकडे दाखले घेऊन येत. घरात फोन नसे, म्हणून अर्जावर हे आपलाच क्रमांक घालीत. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड कोण जपणार? मग तेही आपल्याच संगणकावरच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवीत. हेतू निर्मळ होता. परंतु ते अचानक गेले, पुढे त्यांचा फोन बंद झाला, आणि थोड्याच दिवसांत तो संगणकही सुरू होईना. नूतनीकरणाची अखेरची तारीख तोंडावर आली होती. पासवर्ड विसरल्यास फोनवर आकडा येतो म्हणतात. पण येणार कोणत्या फोनवर?

दुकानदाराने पाहून सांगितले, यंत्र गेले, पण तबकडी शाबूत आहे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. ब्राउझरची फाईल सापडली. संकेतस्थळांची नावे स्वच्छ दिसत होती, मुलांची खाती दिसत होती. मात्र पासवर्डाच्या रकान्यात नुसती अगम्य अक्षरे. ब्राउझर पासवर्ड उघडा ठेवीत नाही, कुलूप घालून ठेवतो. यालाच कूटबद्ध करणे म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी या विद्येत तयार आहे. त्याने कुटुंबीयांची लेखी संमती आहे ना, हे आधी विचारले. ती आम्ही घेतली होती. मग त्याने एक छोटी आज्ञावली चालविली. पहिल्या वर्षांचे काही पासवर्ड चटकन बाहेर आले. आम्हांस आनंद झाला. पुढच्या सगळ्या ओळींसमोर मात्र एकच शब्द उमटला: ‘खराब’. नेमके हवे होते ते त्यांतच! आम्ही दोन-तीन जण हताश झालो. कोणी म्हणाले, तबकडी पुसून टाकू, निदान दुसऱ्या कामास तरी येईल. मीही मान हलविली. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी घरातला जुन्या कागदांचा ट्रंक काढून बसलो. आमच्या पणजोबांच्या वेळचे काही मोडी कागद त्यात आहेत. मोडी मला तुटकी-फुटकी वाचता येते. आपल्या सीमाभागात प्रत्येक जुन्या घरात असे कागद असतात. एक मोडीत, एखादा फारसीत, पुढचा बाळबोधीत, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचा कानडीत. जमीन तीच, बांध तोच, कागदाची भाषा मात्र निराळी. मोडी येणाऱ्यास कानडी उतारा वाचता आला नाही, तर तो उतारा खोटा ठरतो काय? नाही. वाचणारा दुसरा हवा, एवढेच.

तारखांचे तर याहूनही गमतीचे. पेशवाईतल्या कागदावर पुष्कळदा शुहूर सन असतो, आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान खमसैन मया व अलफ.’ मी लहानपणी मदरशात अरबी आकडे पाठ केले होते, त्यामुळे मला हे चटकन उमगते: आठ, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५८. हा सन मृगाला सुरू होतो. त्यात ५९९ मिळविले की इसवी १७५७ चा जून येतो. तेच साल शकात १६७९, फसलीत ११६७ आणि हिजरीत ११७०-७१ होते. शकात ७८ मिळवावे लागतात, फसलीत ५९०.

आता समजा, एखाद्याने कोणता सन आहे हे न पाहता ११५८ मध्ये शकाचे ७८ मिळविले. उत्तर येईल १२३६. पेशव्यांचा कागद यादवांच्या काळात जाऊन बसेल. ही चूक कोणाच्याही ध्यानात येते. परंतु फसलीचे ५९० मिळविले, तर उत्तर येईल १७४८. हे साल अगदी खरे वाटेल, आणि नऊ वर्षांची चूक कोर्टापर्यंत तशीच जाईल. हिशेब बिनचूक, पण नियम दुसऱ्याचा! म्हणून जाणता माणूस बेरीज करण्यापूर्वी कागदाचा मथळा वाचतो.

मथळा! मी सकाळ होण्याची वाट पाहिली आणि विद्यार्थ्यास विचारले, “अरे, त्या अगम्य अक्षरांना काही मथळा असतो का रे?” तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, असतो. पहिली तीन अक्षरे. मी ती न वाचताच कापून टाकीत होतो.”

मित्रहो, तीच तीन अक्षरे आजच्या धड्याचे सार आहेत. क्रोम आणि त्याच्या कुळातले ब्राउझर कूटबद्ध मजकुराच्या आरंभी ‘व्ही १०’, ‘व्ही ११’ असा शिक्का मारतात. कुलपाची कोणती पद्धत वापरली, ते त्यावरून कळते. आपला संगणक लिनक्स प्रणालीचा होता. तिथे ‘व्ही १०’ म्हणजे एक ठरावीक परवलीचा शब्द. तो या ब्राउझरच्या सर्वांना खुल्या असलेल्या मूळ आज्ञावलीतच लिहिलेला आहे. तो शब्द कोणता म्हणाल? इंग्रजीत ‘पीनट्स’, म्हणजे आपले शेंगदाणे! त्यात किल्ली तयार करताना जो जोडशब्द मिसळतात, तो ‘सॉल्टीसॉल्ट’, म्हणजे खारट मीठ. खारे शेंगदाणे खाणाऱ्या आपल्या मुलखास हे सांगताना मला हसू येते. पण यातला इशारा गंभीर आहे. जगाला ठाऊक असलेल्या किल्लीचे कुलूप म्हणजे दाराला लावलेली नुसती कडी होय.

‘व्ही ११’ मध्ये पद्धत तीच, किल्ली मात्र निराळी. ती वापरणाऱ्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवलेली असते, आणि ते जुडगे बहुधा संगणक सुरू करतानाच्या पासवर्डाने बंद असते. आमच्या ‘खराब’ ओळींवर ‘व्ही ११’ चा शिक्का होता. आम्ही शेंगदाण्याची किल्ली तिथे फिरवीत होतो, आणि कुलूप उघडेना म्हणून घरच पडके ठरवीत होतो.

शिक्का वाचला तरी तेवढ्याने भागत नाही. गावही पाहावे लागते. विंडोज प्रणालीवर ‘व्ही १०’ चा अर्थ वेगळा. तिथे फेब्रुवारी २०२० पूर्वी असा शिक्काच नव्हता. विंडोजच स्वतः मजकूर कूटबद्ध करून देई. क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून ब्राउझरची स्वतंत्र किल्ली आली. ती ‘लोकल स्टेट’ नावाच्या फाईलमध्ये असते आणि तिला विंडोजचे कुलूप असते. तिथे शिक्क्यानंतर बारा बाइटांचा एकदाच वापरायचा अंक, मग मजकूर, आणि शेवटी सोळा बाइटांची पडताळणीची खूण असते. किल्ली चुकली की ती खूण जुळत नाही. लिनक्सवरच्या पद्धतीत अशी भक्कम खूण नाही. चुकीच्या किल्लीनेही सुमारे अडीचशे वेळांत एकदा काहीतरी ‘उघडल्यासारखे’ दिसू शकते. ॲपलच्या यंत्रावरही शिक्का ‘व्ही १०’ च, पण किल्ली त्या यंत्राच्या किल्लीसंचात आणि तिचे घोटणे एकाऐवजी १००३ वेळा. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीबरोबर विंडोजवर ‘व्ही २०’ आला. प्रारंभ कुकीपासून झाला. त्यात किल्ली त्या ब्राउझरशीच बांधलेली असते, कारण संगणकात शिरलेले चोर धन्याच्याच नावाने किल्ली मागू लागले होते.

आणखी एक खोच आहे. त्याच २०२४ साली कुकींच्या कोठाराची २४ वी मांडणी आली. तीत शिक्का जुनाच राहिला, पण आतल्या मजकुरापूर्वी संकेतस्थळाच्या नावाचा बत्तीस बाइटांचा ठसा ठेवू लागले. हे ज्याला माहीत नाही, त्याला कुलूप उघडूनही आरंभी कचराच दिसतो. तेव्हा शिक्का पाहावा, गाव पाहावे आणि कोठाराचा आवृत्तिक्रमांकही पाहावा.

आता आपल्या गोष्टीचा शेवट. जुडग्याची फाईल तबकडीवर मिळाली, पण तिचा पासवर्ड? आम्ही कार्यवाहांच्या घरी गेलो. वहिनींना काही ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, “त्यांनी मला हिशेबाची वही कधी दाखविली नाही, तो शब्द कुठला सांगतील?” इतक्यात दाराशी उभी असलेली त्यांची नात हळूच म्हणाली, “मला येतो. आजोबा मलाच टाइप करायला लावायचे.” तिने तो टाइप केला. त्यांच्या शेतातल्या विहिरीचे नाव होते ते. जुडगे उघडले. एकामागून एक ओळी वाचता येऊ लागल्या. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि आम्हीही पडद्याकडे पाहण्याचे निमित्त करून तोंडे फिरविली.

मुदतीत बहुतेक अर्ज गेले. तीन मुलांची नोंदच ब्राउझरमध्ये नव्हती. त्यांच्यासाठी हेलपाटे घालावे लागले. ज्या मुलीच्या आईने त्या आठवड्यात चार वेळा येऊन “सर, झाले का?” म्हणून विचारले, ती मुलगी आज या सभागृहात पाणी वाटण्याचे काम करीत आहे. तिचे वर्ष आपल्या अज्ञानाने जाणार होते, हे मी तिच्यासमोरच कबूल करतो.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, जुन्या साठ्यावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची नक्कल काढावी आणि नक्कलेवरच हात चालवावा. दुसरी, सर्व ओळी शिक्क्याप्रमाणे वेगळ्या कराव्यात, मोजाव्यात, मग ज्याची किल्ली त्यास लावावी. तिसरी, शिक्का अनोळखी असेल तर तिथे ‘अनोळखी’ असेच लिहावे, ‘खराब’ लिहू नये. ‘खराब’ लिहिलेले माणूस फेकून देतो. ‘अनोळखी’ लिहिलेले जपून ठेवतो आणि जाणत्यास विचारतो. चौथी सूचना विश्वस्तांस. मुलांचे पासवर्ड एका माणसाच्या ब्राउझरमध्ये आणि त्याची किल्ली एका मुलीच्या आठवणीत, असा कारभार यापुढे नको. पासवर्ड ज्याचा त्याने जपावा. संस्थेच्या खात्यांची यादी मोहोरबंद पाकिटात, दोन विश्वस्तांच्या सह्यांनिशी तिजोरीत असावी, आणि दरवर्षी ती ताजी व्हावी.

ही विद्या दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्या रीतीने आपण आपले उघडले, त्याच रीतीने चोर दुसऱ्याचे उघडतो. संमतीवाचून दुसऱ्याच्या कुलपास हात लावणे हा कायद्यानेही गुन्हा आहे आणि इमानानेही.

पन्नास वर्षांत या संस्थेत कार्यकर्त्यांच्या तीन पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीची भाषा वेगळी, रीत वेगळी. नव्यांना जुन्यांचे कळत नाही, जुन्यांना नव्यांचे. अशा वेळी आपण एकमेकांना फार लवकर ‘खराब’ म्हणतो. आधी मथळा वाचावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.