शिकाऱ्यांच्या घरी मुक्काम



उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीचं नाव आपण शाळेत भूगोलाच्या तासाला ऐकलेलं असतं. गवताळ प्रदेश, गव्हाचं कोठार, एवढं लिहिलं की गुण मिळतात. त्या गवतात माणसं कशी राहतात आणि परक्या माणसाला रात्रीचा आसरा कोण देतं, ते पुस्तकात नसतं. आज त्याबद्दल बोलणार आहे.

मी गेले होते ते राज्य साउथ डकोटा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश, आणि 2020च्या जनगणनेत लोकसंख्या नऊ लाखांहून थोडी कमी. एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. तिथे दोन गावांमध्ये अंतर असतं ते नुसतं अंतर. मध्ये ना टपरी, ना देऊळ, ना एस.टी.चा थांबा. मका, सोयाबीन, गवत, पुन्हा मका.

माझा भाचा मिनियापोलिसला असतो. माउंट रशमोर बघायला म्हणून आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोटारीने निघालो होतो. सगळे जातात तो मोठा महामार्ग सोडून आम्ही 14 नंबरचा जुना रस्ता धरला. हट्ट माझा होता, कारण त्या रस्त्यावर डी स्मेट नावाचं गाव आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या पुस्तकांमुळे हे छोटं गाव जगाला ठाऊक झालं. 1879च्या हिवाळ्यात तिचं कुटुंब तिथे रेल्वेच्या मोजणीदारांच्या घरात राहिलं. 1862च्या कायद्याने सरकार 160 एकर जमीन देत होतं, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. बर्फ वितळताच जमिनीवर हक्क सांगायला माणसांची रीघ लागली. गावात उतरायला जागा नव्हती. मग लॉराच्या आईने येईल त्याला जेवू घातलं, जमिनीवर झोपायला जागा दिली आणि त्याचे पैसे घेतले. ते घर अजून उभं आहे, बघता येतं. प्रेअरीवरचा पाहुणचार असा सुरू झाला. ज्याच्या डोक्यावर छप्पर, तोच खाणावळवाला.

आमची अडचणही काहीशी तीच झाली. हुरॉन या गावी पोचलो, तर एकाही हॉटेलात खोली नाही. कारण फेझंटच्या शिकारीचा हंगाम. फेझंट हा मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. नराची मान हिरवी-जांभळी, गळ्यात पांढरं कडं, शेपूट हातभर. शेवटी एका पेट्रोल पंपावरच्या बाईंनी फोन करून एका शेतकऱ्याच्या घरी आमची सोय लावली. भाचा म्हणाला, “मावशी, बंदूकवाल्यांच्या घरात झोपशील का?” मी म्हटलं, “मोटारीत झोपण्यापेक्षा बरं.”

मागच्या दाराने घरात शिरायचं. पुढचं दार बहुधा पाद्री आणि विमा एजंट यांच्यासाठी असावं. मागे एक अरुंद खोली, तिथे बूट काढायचे. आपल्याकडच्या ओसरीचं काम ती खोली करते. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर भडक नारिंगी जाकिटं, खाली चिखलाने भरलेले बूट आणि या सगळ्यावर ओल्या कुत्र्याचा वास. बंदुका रिकाम्या करून कुलपाच्या कपाटात ठेवायच्या, त्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. हा नियम घरमालकिणीने आम्हा दोघांनाही सांगितला. आमच्याकडे छत्रीसुद्धा नव्हती.

वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या होत्या. मुलं शिकून शहरात गेली, पलंग राहिले. माझ्या खोलीत गोधडी होती, हातची, तुकडे जोडून शिवलेली. पलंगाशेजारी मक्याच्या बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. वारा रात्रभर घराला टेकून उभा होता. त्या मुलखात वारा थांबला तरच लोकांना जाग येत असेल.

जेवण एकाच लांब टेबलावर. मलईत आणि अळंब्यांच्या रश्शात भाजलेला फेझंट, उकडून कुस्करलेला बटाटा, आणि शेवटी कूखन, म्हणजे पावासारख्या पिठावर कस्टर्ड आणि फळं घालून भाजलेला गोड पदार्थ. रशियातून इथे आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी तो आणला आणि साउथ डकोटाने 2000 साली त्याला राज्याचं अधिकृत मिष्टान्न केलं. पहिला घास घेणार, तोच शेजारचे आजोबा म्हणाले, “हळू चावा, ताई. छर्रा लागला तर दात जाईल.” प्रत्येकाच्या ताटाशेजारी छोटी वाटी होती, ती छऱ्यांसाठी. माझ्या वाटीत काही पडलं नाही. भाच्याच्या वाटीत टण्‌कन वाजलं आणि टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

या पक्ष्याची गोष्ट मला त्या टेबलावरच कळली. तो मूळचा अमेरिकेचा नाहीच. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी 1881-82 साली चीनमधून फेझंट पाठवले, ते ओरेगॉनमध्ये सोडले गेले. साउथ डकोटात 1908च्या सुमारास स्पिंक काउंटीतल्या लोकांनी ते रुजवले. 1919 साली पहिला हंगाम झाला, एका काउंटीत, फक्त एक दिवस. 1945च्या आसपास राज्यात एक कोटी साठ लाख फेझंट असावेत असा अंदाज होता. माणसं होती सहा-सात लाख! 1943 साली राज्याने फेझंटला आपला राज्यपक्षी ठरवलं. युद्धाच्या त्या काळात अॅबर्डीनच्या रेल्वे स्टेशनवर गावातल्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांना फेझंटची सँडविचं फुकट देत. परदेशातून आणलेला, राज्याचं भूषण ठरलेला आणि भाजून खाल्ला जाणारा, असा दुसरा राज्यपक्षी मला तरी माहीत नाही.

सकाळी दहाच्या आधी गोळी झाडायची नाही, हा कायदा. त्यामुळे न्याहारी निवांत. दहाला मंडळी शेतात उतरली आणि मी मालकिणीबरोबर गाडीतून बघत राहिले. तरुण मंडळी कुत्र्यांसह ओळ धरून हाकारा करत चालतात, म्हातारे शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात. फेझंट पळतो फार, उडतो नाइलाज झाला तरच. पक्षी उठला की आधी ओरडायचं: नर की मादी. मादीवर गोळी झाडायला बंदी. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीची पिल्लं कमी होत नाहीत. माणशी दिवसाला तीन नर, बस्स. मागे एका शेडमध्ये पक्षी साफ करतात, तेव्हा एक पाय, डोकं किंवा पंख अंगाला तसाच ठेवावा लागतो, म्हणजे वाटेत तपासणी झाली तर नर होता हे दाखवता येतं. आजोबांनी मला पायामागची आर दाखवली. आखूड आणि बोथट असेल तर पक्षी यंदाचा, लांब आणि टोकदार असेल तर जुना, मुरलेला.

मला शिकार आवडत नाही, आणि तिथे राहून आवडायला लागली असंही नाही. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सकाळी सोडायचे आणि दुपारी मारायचे असेही काही व्यापारी तळ त्या राज्यात आहेत; त्यांना शिकार म्हणणं मला पटत नाही. पण या घराचा हिशेब वेगळा होता.

मालकिणीने गाडी एका पट्ट्याशी थांबवली. कमरेएवढी ताटं, तांबूस दाण्यांची गच्च कणसं. ज्वारी! मी ओरडलेच. ती म्हणाली, ही आम्ही कापत नाही, पाखरांसाठी उभी ठेवतो. बर्फ पडला की त्यांना तेवढाच दाणा. आमच्याकडे याची भाकरी होते म्हटल्यावर तिने एक कणीस मोडून माझ्या हातात दिलं. दाणा चावून पाहिला. शाळूची सर नाही, पण ज्वारीच. पलीकडे नुसतं गवत होतं, छातीएवढं, आणि खोलगट जागेत पाणकणसांचं दाट रान.

हे गवत फुकट उभं राहत नाही. 1985च्या शेतकी कायद्याने सरकारने एक योजना आणली: कमकुवत जमीन दहा-पंधरा वर्षं नांगरायची नाही, गवताखाली ठेवायची, आणि त्याबद्दल सरकारकडून वार्षिक भाडं घ्यायचं. मधल्या काळात घटलेले फेझंट पुन्हा वाढले. 2007 नंतर मक्याचा भाव चढला, इथेनॉलचे कारखाने मका मागू लागले, आणि करार संपतील तशी पुष्कळांनी गवतावर नांगर घातला. गवत गेलं तिथे पाखरू गेलं. या बाईंच्या घराने तो नांगर घातला नाही. कारण साधं आहे: वरच्या मजल्यावरच्या पलंगांचं आणि टेबलावरच्या जेवणाचं भाडं मक्याच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई करतं. शिवाय 1937च्या कायद्याप्रमाणे शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. माझ्यासारखी माणसं पक्ष्यांवर प्रेम करतात आणि फोटो काढतात. गवत राखायला पैसे मोजतात ते बंदूकवाले. हे मला गैरसोयीचं वाटलं, पण खरं आहे.

श्रोत्यांपैकी कुणाची मुलं-नातवंडं त्या बाजूला असतील आणि तुम्ही रशमोरला निघाला असाल, तर महामार्गावरच्या हॉटेलाऐवजी एक रात्र अशा घरी राहा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी मुख्य हंगाम सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. तेव्हा जायचं तर खोली उन्हाळ्यातच सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर बटाट्यावर रात्र काढावी लागेल. आणि फिरायला बाहेर पडण्याआधी खुंटीवरचं नारिंगी जाकीट मागून घ्या. ते कुणालाही देतात.